चित्र अडकतं म्हणून नवा फोन घ्यावा का? एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

माझ्या वहिनी सांकेतिक भाषेच्या दुभाषी आहेत. त्यांचं बरंचसं काम आता व्हिडिओ कॉलवर चालतं. एका चौकटीत कर्णबधिर व्यक्ती, दुसरीत डॉक्टर, वकील किंवा एखाद्या कचेरीतला अधिकारी, आणि तिसरीत वहिनी. घरी केबलचं इंटरनेट नाही, सगळा कारभार मोबाइल डेटावर. गेल्या काही महिन्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: वहिनींना समोरचे स्वच्छ दिसतात, पण समोरच्यांना वहिनी मध्येच गोठलेल्या दिसतात. डॉक्टर औषधाची मात्रा सांगत असताना दुभाषीचा हात हवेतच थांबलेला दिसला, तर ती नुसती गैरसोय राहत नाही, त्यात धोका असतो.

"भाऊजी, हा फोन आता काढूनच टाकते. फाइव्ह-जी घेतला की कटकट मिटेल," असं त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं. मला फक्त कोणता घ्यावा एवढं विचारलं होतं. मी म्हटलं, वहिनी, कोणता ते नंतर पाहू, आधी घ्यायचा का ते तपासू. पैशांचा प्रश्न तर होताच. पण चालता फोन बाजूला ठेवणं मला एरवीही पटत नाही, कारण फोनच्या आयुष्यातल्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो तयार होतानाच खर्ची पडलेला असतो.

हातातला फोन मध्यम प्रतीचा, चार-पाच वर्षांचा, फोर-जीपर्यंतच चालणारा. पडदा शाबूत, बॅटरी बरी, कॅमेरा कामापुरता चांगला. सुरक्षा अपडेट अजून येत होते.

गरज नेमकी किती?

वेगाची चर्चा सुरू झाली की सगळे डाउनलोडचा आकडा सांगतात. वहिनींच्या कामात तो दुय्यम आहे. त्यांचं चित्र समोर पोचायचं असेल तर चालावं लागतं अपलोड, आणि तेही अखंड.

झूमच्या स्वतःच्या शिफारशीनुसार दोघांच्या ७२०पी म्हणजे साध्या एचडी चित्राच्या कॉलला दोन्ही दिशांनी सुमारे १.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरतात, तर त्याहून बारीक तपशिलाच्या १०८०पीला ३ ते ३.८. म्हणजे मागणी फार मोठी नाही. मात्र सांकेतिक भाषेत थोडी सवलतही चालत नाही. बोलण्याच्या कॉलमध्ये चित्र धूसर झालं तरी आवाजावर भागतं. इथे हात, बोटं, भुवया आणि ओठ हीच भाषा आहे. प्रश्न विचारला की विधान केलं, हे पुष्कळदा भुवयांवरूनच कळतं. नावं किंवा औषधांची अक्षरं बोटांनी एकेक करून दाखवायची असतात तेव्हा बोटं इतकी झपाट्याने फिरतात की सेकंदाला दहा-बाराच चौकटी (फ्रेम, म्हणजे एकामागून एक येणारी स्थिर चित्रं) आल्या तर मधली अक्षरं गळून जातात. चित्र थोडं लहान चाललं तरी हरकत नाही, पण सेकंदाला २५ ते ३० चौकटी हव्यातच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने म्हणजे आयटीयूने १९९९ मध्ये सांकेतिक भाषा आणि ओठवाचनाच्या व्हिडिओ संवादासाठी वेगळी पुरवणीच काढली होती, त्यातही भर चित्राच्या ओघवतेपणावर आहे.

तेव्हा आम्ही कसोटी ठरवली: अपलोड सतत ३ एमबीपीएसच्या वर राहिलं पाहिजे आणि कॉल चालू असताना विलंब एकदम उसळता कामा नये. डाउनलोड ५-६ मिळालं तरी पुरे. या कसोटीवर फोन नापास झाला तरच बदलायचा.

फोनची स्वतःची मर्यादा

प्रत्येक फोर-जी फोनला एलटीईची (फोर-जीमागच्या तंत्राची) एक कॅटेगरी असते, आणि फोन कागदावर जास्तीत जास्त किती वेग पेलू शकतो ते तिच्यावरून कळतं. कॅटेगरी ४ म्हणजे डाउनलोड १५० एमबीपीएस आणि अपलोड ५०. कॅटेगरी ६ मध्ये फोन दोन वेगवेगळ्या बँडांवरच्या, म्हणजे वारंवारितेच्या पट्ट्यांवरच्या, लहरी एकत्र जोडू शकतो, त्यामुळे डाउनलोड ३०० पर्यंत जातं, अपलोड मात्र ५० वरच राहतं. कॅटेगरी ९ ला ४५०, कॅटेगरी १२ ला ६००, आणि कॅटेगरी १६ जवळजवळ १ जीबीपीएसपर्यंत, म्हणजे १,००० एमबीपीएसपर्यंत. वहिनींचा फोन कॅटेगरी ६ चा निघाला.

हे आकडे आदर्श परिस्थितीतले आहेत. २० मेगाहर्ट्झची अख्खी पट्टी एकट्याला मिळाली, टॉवर जवळ असला आणि मध्ये कुणाची लुडबूड नसली तरचे. प्रत्यक्षात त्या पट्टीचे वाटेकरी पुष्कळ असतात. तरी या आकड्यांचा एक फार चांगला उपयोग आहे. मोजलेला वेग फोनच्या कमाल मर्यादेच्या आसपास घुटमळत असेल तर फोन आड येतोय असं म्हणता येतं. पण फोन ५० पेलू शकतो आणि मिळतोय १, तर अडथळा फोनच्या वेगमर्यादेत असणं शक्य नाही. तो दुसरीकडे शोधायला हवा. हा एक हिशोब केला तरी फोन बदलायचा अर्धाअधिक मोह ओसरतो, असा माझा अनुभव आहे.

खोलीत काय मिळत होतं

वहिनी घराच्या आतल्या खोलीत बसून काम करतात. रस्त्याचा आवाज येत नाही, मागची भिंत साधी आहे, दार लावून घेता येतं. गोपनीय बोलणी असतात, त्यामुळे दार महत्त्वाचं.

त्या खोलीत स्पीड टेस्ट लावली तेव्हा डाउनलोड २०-२५ एमबीपीएस आलं आणि अपलोड १ च्याही खाली. वहिनी म्हणाल्या, "बघा, पंचवीस तर येतायत." सगळेच इथे फसतात, कारण टेस्टच्या पडद्यावर मोठा दिसतो तो डाउनलोडचाच आकडा.

मग सिग्नल बघितला. वर दिसणाऱ्या काड्यांवर मी कधीच विसंबत नाही, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. खरा आकडा आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची फोनपर्यंत पोचणारी शक्ती, डीबीएम या मापात. अनेक अँड्रॉइड फोनांवर *#*#४६३६#*#* डायल केलं की माहितीचं पान उघडतं, आयफोनवर *३००१#१२३४५#* ने फील्ड टेस्ट उघडते. सेटिंगमधल्या सिमच्या माहितीतही हा आकडा बऱ्याचदा सापडतो. तो ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० कामचलाऊ, उणे ११० च्या पलीकडे गेला की ओढाताण सुरू.

आतल्या खोलीत तो उणे ११४ होता. बाहेरच्या खोलीत खिडकीशी, उणे ९२. नुसते २२ डेसिबल वाटतात, पण डेसिबलचं माप लॉगॅरिदमिक आहे, तेव्हा खिडकीशी मिळणारी शक्ती आतल्यापेक्षा साधारण दीडशे पट होती. फोन तोच, सिम तेच, आणि अंतर दोन भिंतींचं.

डाउनलोड बरं असताना अपलोडच का मरतं, याचं कारण शक्तीत आहे. टॉवर वीस-चाळीस वॅटच्या घरात प्रक्षेपण करतो. फोनला साधारणपणे २३ डीबीएम, म्हणजे सुमारे २०० मिलिवॅटची मर्यादा असते. मोठ्या सभेत मागच्या रांगेतल्याला ध्वनिक्षेपकावरचं भाषण नीट ऐकू येतं, पण त्याने जागेवरून विचारलेला प्रश्न व्यासपीठापर्यंत पोचत नाही, तसंच हे. भिंती आड आल्या की आधी फोनचा आवाज क्षीण होतो. फोन सगळी ताकद लावतो, तरी कमी पडतं, मग नेटवर्क त्याला थोडक्याच लहरी वापरू देतं आणि अपलोड कोसळतं. वहिनींना सगळे दिसत होते आणि त्याच कुणाला नीट दिसत नव्हत्या, त्याचा उलगडा इथे झाला.

आणखी एक चोर याच तपासणीत हाती लागला. फोनमधल्या फोटोंचा बॅकअप "मोबाइल डेटावरही" असा चालू होता. दिवसभरात काढलेले फोटो आणि व्हिडिओ संध्याकाळी हळूहळू वर चढत, नेमके कॉलच्या वेळी. आधीच अरुंद असलेल्या अपलोडमध्ये बॅकअप घुसला की डेटाच्या पाकिटांची रांग लागते आणि विलंब पन्नास-साठ मिलिसेकंदांवरून कित्येक शे मिलिसेकंदांवर जातो. कॉलचं सॉफ्टवेअर ते पाहून चित्राचा दर्जा कमी करतं, तरी निभलं नाही तर चित्र गोठतं. बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवला, तेव्हा आतल्या खोलीतही गोठणं थोडं कमी झालं. पण कसोटी काही पार झाली नाही.

तेच सिम, नवा फोन

आता खरी परीक्षा. दादाचा फोन नवा आहे, फाइव्ह-जीचा. वहिनींचं सिम त्यात घातलं आणि एकाच जागी, पाठोपाठ, दोन्ही फोन मोजले. फोन बदलायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे की बाकी काही नाही केलं तरी हे करा. सिम तेच हवं, कारण प्लॅन बदलला की वेगाचे नियम बदलू शकतात. रोजचा डेटा संपल्यावर वेग उतरवला जातो, तोही आधी तपासून घ्यावा. जागा तीच हवी, हातभर इकडे-तिकडेही फरक पडतो. वेळही तीच, कारण संध्याकाळी टॉवरवर गर्दी होते आणि सकाळचा आकडा संध्याकाळच्या कामाचा नसतो.

खिडकीशी नव्या फोनने डाउनलोडला दीडशेच्या वर उडी मारली, भर संध्याकाळीही. जुना फोन त्या वेळी ७-८ वर अडकला होता. सिग्नलचा आकडा सकाळी होता तोच, वेग मात्र घसरलेला, म्हणजे ही फोर-जीच्या पट्टीवरची गर्दी. नव्या फोनला मोकळी फाइव्ह-जी पट्टी मिळत होती. दादा खूश झाला. कुणीही होईल.

पण आपला प्रश्न अपलोडचा. खिडकीशी नव्या फोनचं अपलोड १४-१५, जुन्याचं ९-१०. दोघंही कसोटीच्या कितीतरी वर.

आणि आतल्या खोलीत? तिथे नव्या फोनचं फाइव्ह-जी टिकेना. वर चिन्ह फाइव्ह-जीचं दिसायचं, माहितीच्या पानावर मात्र फोन फोर-जीवर बसलेला. अनेक नेटवर्कांत फाइव्ह-जीचा जोड असलेल्या फोर-जी टॉवरवर असतानाही फोन फाइव्ह-जीचं चिन्ह दाखवतो, म्हणून चिन्ह हा पुरावा धरू नये. अपलोड मिळालं २ च्या आसपास. जुन्यापेक्षा चांगलं, कसोटीपेक्षा कमी.

हे २ आले कुठून, ते पाहण्यासारखं होतं. नवा फोन आतल्या खोलीत बँड २८ वर, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झवर गेला होता. जुना फोन बँड ३ वर, १८०० मेगाहर्ट्झवर चिकटून होता, कारण त्याला बँड २८ येतच नाही. कमी वारंवारितेच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून जास्त चांगल्या शिरतात. म्हणजे जुन्या फोनमध्ये एक खरी उणीव होती. ती मात्र "फोर-जी विरुद्ध फाइव्ह-जी" अशी नव्हती, एका बँडची होती. नवा फोन त्या खोलीत सरस ठरला तो त्याच्या फोर-जीमुळे.

फाइव्ह-जीने आतल्या खोलीत हात का टेकले, तेही सांगतो. जगभर फाइव्ह-जीचा मुख्य भार ज्यावर आहे तो एन७८ बँड ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा. तिथे १०० मेगाहर्ट्झपर्यंतची रुंद पट्टी मिळते, म्हणून डाउनलोडचे आकडे डोळे दिपवतात. पण एवढ्या उंच वारंवारितेला भिंती जड जातात. शिवाय या बँडवर अपलोड आणि डाउनलोड एकाच पट्टीवर आळीपाळीने चालतात, आणि बहुतेक नेटवर्कांत जास्त वेळखंड डाउनलोडला दिलेले असतात. ज्या नेटवर्कांत फाइव्ह-जी अजून फोर-जीच्या आधारावर चालतं, तिथे अपलोड पुष्कळदा फोर-जीवरूनच जातं. तेव्हा डाउनलोड वीसपट झालं म्हणून अपलोडही वीसपट होईल, असं गणित मांडू नये.

खिडकी

आकड्यांनी निवाडा असा दिला: आतल्या खोलीत नवा फोन २, खिडकीशी जुना फोन ९. फोन बदलून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा जागा बदलून मिळणारा फायदा कितीतरी मोठा.

पण माणूस आकड्यांच्या सोयीने बसत नाही. वहिनींची पहिली हरकत प्रकाशाची होती. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळवंडतो, हात सावलीसारखे दिसतात, आणि दुभाषीसाठी तेवढ्यानेच सगळं बिघडतं. म्हणून बैठक उलटी केली. फोन तिपाईवर खिडकीच्या अगदी लगत, आणि वहिनी खिडकीकडे तोंड करून. फोनला सिग्नल मिळाला आणि वहिनींच्या हातांवर थेट उजेड पडला. बोटांमधल्या फटीसुद्धा स्पष्ट दिसायला लागल्या. त्यांच्या एका जुन्या कर्णबधिर अशिलाने पहिल्याच कॉलला हाताने विचारलं, कॅमेरा बदलला का? संध्याकाळी उजेड गेला की तिथेच एक दिवा लावतात.

दुसरी हरकत गोपनीयतेची, आणि ती जास्त गंभीर. बाहेरच्या खोलीत घरातले येत-जात असतात. दुभाषीच्या तोंडी दुसऱ्याचं दुखणं, दुसऱ्याचा खटला असतो. त्यावर घरातल्यांनी वेळा ठरवून घेतल्या, कॉल चालू असताना ती खोली वहिनींची. आवाजासाठी तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन. मला ही तडजोड पूर्ण समाधानाची वाटत नाही, आतली खोली या कामासाठी चांगलीच होती. पण चित्र पोचतंय याचं पारडं जड ठरलं.

तापणारा फोन

इथे प्रकरण मिटेल असं वाटलं होतं. छोटे कॉल उत्तम जाऊ लागले. लांबलेल्या कॉलमध्ये मात्र उत्तरार्धात चित्र पुन्हा तुटायला लागलं. गोठत नव्हतं, धक्के खात होतं. त्याच वेळी वेग मोजला तर अपलोड ८-९, विलंब शांत. नेटवर्कवर बोट ठेवायला जागाच नव्हती.

हा फरक ओळखता येणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून खात्रीचा उपाय केला. ज्या घरी केबलचं वेगवान इंटरनेट आहे तिथे जाऊन, सिम बंद करून, त्यांच्या वाय-फायवर तसाच लांब कॉल लावला. तिथेही उत्तरार्धात धक्के. म्हणजे दोष मोबाइल डेटाचा नव्हताच. फोन तापत होता.

व्हिडिओ कॉलमध्ये फोन एकाच वेळी कॅमेरा चालवतो, आपलं चित्र सेकंदाला तीसदा आवळून पाठवतो, समोरच्या दोन-तीन चौकटी उलगडून दाखवतो, आणि पडदा पेटता ठेवतो. वहिनी कॉलभर चार्जरही लावून ठेवत, त्याची उष्णता वेगळी. पाठीवर जाड रबरी कव्हर. आणि आता खिडकीतलं ऊन. ठरावीक तापमानाच्या वर गेला की फोन स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो, आणि मग चौकटी गळायला लागतात. आतल्या खोलीत ऊन नव्हतं, पण तिथे कमजोर सिग्नलमुळे मोडेम (फोनमधला नेटवर्कशी बोलणारा भाग) पूर्ण ताकदीने प्रक्षेपण करत असे, तीही उष्णताच. तेव्हा हा त्रास आधीही असणार, मोठ्या त्रासाखाली झाकलेला.

कॉलआधीच बॅटरी भरून घ्यायची, कॉलपुरतं कव्हर काढायचं, पडद्याची उजळी कमी करायची, आणि फोनच्या मागे उन्हाला आडवा एक पांढरा पुठ्ठा. एवढ्याने तासाभराचे कॉल सुरळीत झाले. त्याहून लांब बैठकांसाठी लॅपटॉप काढला आणि फोन यूएसबी केबलने त्याला जोडून इंटरनेट घेतलं. मग चित्राचं जड काम लॅपटॉप करतो, फोनकडे फक्त मोडेमचं काम उरतं. हॉटस्पॉटनेही हे होतं, पण केबलला मधली वाय-फायची कडी नसते, आणि फोनही कमी तापतो.

निर्णय आणि त्याची मुदत

नवा फोन घेतला नाही. सध्या.

"सध्या" या शब्दाला मुदत आहे. या फोनचे सुरक्षा अपडेट ज्या महिन्यात थांबतील, तेव्हा तो बदलायचा. लोकांची खाजगी बोलणी ज्या यंत्रावरून जातात ते यंत्र अपडेटविना वापरणं मला मान्य नाही, मग वेग कितीही चांगला असो. त्याआधी नेटवर्कने बँड ३ ची पट्टी आक्रसली, किंवा खिडकीशीही अपलोड सातत्याने ३ च्या खाली जाऊ लागलं, तरी पुन्हा विचार करायचा. वहिनींनी हे तीन मुद्दे कागदावर लिहून ठेवलेत.

हेच मोजमाप दुसऱ्या माणसाचं असतं तर मी नवा फोन घ्याच म्हटलं असतं. दादाचंच उदाहरण घ्या. त्याला कामासाठी मोठाल्या फाइली उतरवून घ्याव्या लागतात, तेही संध्याकाळी. १ जीबीची फाइल म्हणजे ८,००० मेगाबिट. ८ एमबीपीएसने ती उतरायला सतरा मिनिटं लागतात, १५० ने मिनिटभराच्या आत. त्याच्या बसण्याच्या जागी एन७८ पोचतो. त्याच्यासाठी फाइव्ह-जी हा रोजचा वाचलेला वेळ आहे. तसंच ज्याचा फोन कॅटेगरी ४ चा आहे, ज्याला लहरी जोडता येत नाहीत, आणि ज्याच्या भागातलं नेटवर्क तीन-तीन पट्ट्या जोडून देतंय, त्याचा फोन खरोखरच वाट अडवतोय. परदेशी बाजारातून आणलेल्या फोनला इथला एखादा मुख्य बँडच नसणं, किंवा जुन्या दोन सिमच्या फोनात दुसरं सिम फोर-जीवर न जाणं, हीसुद्धा सबळ कारणं आहेत. आणि टू-जी, थ्री-जी दोन्ही बंद झालेल्या ठिकाणी फोनला व्होल्टी (फोर-जीवरून साधा कॉल लावायची सोय) येत नसेल तर प्रश्न वेगाचा उरतच नाही, साधा फोन लावायचीही पंचाईत होते.

उलट, ज्याचा दिवस फक्त गप्पा, नकाशे आणि व्हिडिओ पाहण्यात जातो, त्याने यूट्यूबच्या शिफारशी पाहाव्यात: ७२०पीला २.५ एमबीपीएस, १०८०पीला ५, फोर-केला २०. हातातल्या पडद्यावर १०८०पी पुष्कळ झालं. १० स्थिर मिळत असतील तर १५० मिळून व्हिडिओ अधिक चांगला दिसणार नाही.

वहिनींच्या पुढच्या फोनसाठी आम्ही आताच एक यादी केली आहे. तिच्यात खोक्यावर छापलेला जीबीपीएसचा आकडा नाही. बँड २८ फोर-जी आणि फाइव्ह-जी दोन्हींवर हवा. एन७८ हवा, आणि या बँडवर २६ डीबीएमने, म्हणजे दुप्पट शक्तीने प्रक्षेपण करू शकणारा फोन मिळाला तर तो आधी पाहायचा, कारण फायदा थेट अपलोडला होतो. अपडेट किती वर्षं मिळणार ते लेखी हवं. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलक्सी एस२४ ला सात वर्षांचं आश्वासन दिल्यापासून याबाबतीत निवडीला वाव आहे. तासभर कॉल चालवून फोन किती तापतो तेही पाहायचं. आणि घेण्याआधी तोच फोन कुणाकडे असेल तर वहिनींचं सिम त्यात घालून आधी आतल्या खोलीत मोजायचं, दार लावून.